चुरमुरे आणि दोन नळ्या

वाई, १२ डिसेंबर

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. ‘पोरांना घनफळ कसं शिकवतोस?’ याचं उत्तर लगेच लिहिलं असतं, तर थाप मारावी लागली असती. इतकी वर्षं मी फळ्यावर लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची लिहून मोकळा होत होतो. गुणाकार बिनचूक यायचे. ‘साठ आलं, सर.’ साठ काय रे? ‘सेंटिमीटर.’

यंदा आधी घरून रिकामी खोकी आणवली. साबणाचं खोकं उलगडून त्याची घडण, म्हणजे सपाट पसरलेला आकार, दाखवली. पृष्ठं किती? सगळा वर्ग ओरडला, सहा. एक मुलगी म्हणाली, सात. तिनं चिकटवायची पट्टी धरली होती! मला तर तिचंच उत्तर आवडलं. बाकीच्यांनी खोक्याकडे पाहिलंच नव्हतं. तिला ती पट्टी कापायला लावली. ‘आता बंद राहत नाही. पण बाजू सहाच दिसतात,’ ती म्हणाली.

मग ए-फोरचे दोन कागद. एक उभा गुंडाळला, एक आडवा, कडेला कडा भिडवून चिकटपट्टी लावली. जास्त चुरमुरे कशात मावतील? बहुतेक हात उंच नळीसाठी वर. दोघंतिघं म्हणाले, ‘कागद तोच ना, मग सारखेच.’ डीएडला मीही हेच छातीठोकपणे म्हणालो होतो आणि तू खो खो हसला होतास. ग्लास बदलला तरी पाणी तेवढंच, हे मानसशास्त्रज्ञ पियाजेचं पाठ होतं ना, ते इथंही लावलं. इथं कागद तेवढाच राहतो, धारकता राहत नाही.

उंच नळी बुटकीच्या आत उभी केली, काठोकाठ भरली आणि हलकेच वर ओढली. चुरमुरे खाली पसरले. बुटकीचा तिसऱ्या हिश्श्याहून जरा कमी भाग रिकामाच. वर्ग चिडीचूप. मग एकजण: ‘सर, तुम्ही सांडले असणार.’ पुन्हा केलं. पुन्हा तेच. घरी हिशेब मांडला: उंच नळी साधारण १०४० मिली, बुटकी १४७० च्या आसपास. घेर स्वतःशीच गुणला जातो, उंची एकदाच येते. पोरांना हे सांगितलं नाही, चुरमुरे खाऊ दिले.

दुसऱ्या दिवशी एकानं आजीचं धान्य मोजायचं लाकडी मापटं आणलं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे त्याला तोंडपाठ. वर विचारतो, ‘आजी मापावर ढीग करून शीग लावून देते, ती शीग कशात धरायची?’ मी म्हटलं, आजीलाच विचार.

उद्या पुठ्ठ्याचं, लांबी-रुंदी-उंची सगळी १० सेंटिमीटर असलेलं खोकं करून त्यात लीटरभर पाणी ओतायचंय. ओतणार तो ‘सेंटिमीटर’वाला. आतून प्लॅस्टिक लावलंय, पण कोपऱ्यांचा भरवसा नाही. खाली घमेलं ठेवतोय.

वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
अरुण