हुक हेडचा दीपस्तंभ

वॉटरफर्ड, आयर्लंड

तीर्थरूप आप्पा व आई यांस सुलभाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

इकडे सर्व खुशाल आहे. आप्पा, हे पत्र मुख्यतः तुमच्यासाठी आहे. रविवारी आम्ही हुक हेड येथील दीपस्तंभ पाहून आलो, आणि तेथे पूर्वी चालणारे काम आपल्या घरात तुमच्याइतके कोणालाच उमगणार नाही.

पॅसेज ईस्ट या गावी मोटार फेरीबोटीत चढवून आम्ही खाडी ओलांडली. पुढे जमीन निमुळती होत जाते आणि अगदी टोकाला, काळ्या खडकांवर, हा जाडजूड मनोरा उभा आहे. पांढऱ्या अंगावर त्याला दोन काळे पट्टे आहेत, जेणेकरून दिवसाही खलाशांना तो दुरून ओळखता यावा. तेराव्या शतकाच्या आरंभी विल्यम मार्शल या सरदाराने तो बांधला. आत नदीकाठी त्याने न्यू रॉस हे बंदर वसवले होते आणि तिकडे येणाऱ्या गलबतांना खाडीचे तोंड रात्रीही सापडावे, हा त्याचा हेतू होता. दिव्याची राखण जवळच्या मठातील साधूंकडे होती. त्याच्याही कित्येक शतके आधी दुभान नावाच्या साधूने याच टोकावर विस्तव जागता ठेवला होता, असे तेथील लोक परंपरेने सांगतात.

वर जाण्यासाठी ११५ पायऱ्या आहेत आणि त्या भिंतीच्या पोटातूनच चढतात, कारण भिंत ठिकठिकाणी ४ मीटरपर्यंत जाड आहे. वाटेत एकावर एक अशा कमानदार दगडी छताच्या खोल्या लागतात. एका खोलीत तेराव्या शतकातील चूल अजून शाबूत आहे. तिच्यासमोर मी बराच वेळ उभी राहिले, कारण वर दुसऱ्यांसाठी आगटी पेटवणारी माणसे स्वतःचे हात येथे शेकत असतील.

सतराव्या शतकाच्या मध्यास युद्धांच्या धामधुमीत दिवा काही काळ विझला होता, पण तो पुन्हा पेटवला गेला. १७९१ साली कोळशाचा विस्तव बंद होऊन व्हेलच्या तेलाचे १२ दिवे आले. १८७१ साली गॅस आला, आणि तो तेथेच आवारात तयार करीत. पुढे रॉकेल आले. १९११ साली उघडझाप करणारा दिवा बसवला, तो फिरवणारे यंत्र मनोऱ्यातून हळूहळू खाली उतरणाऱ्या वजनावर चाले. ते वजन दर २५ मिनिटांनी पुन्हा वर ओढावे लागे. रात्रभर, थंडीत, वादळात, दर २५ मिनिटांनी! हे ऐकताच मला भुसावळच्या यार्डातील तुमची केबिन आठवली, तुमची रात्रपाळी आठवली, आणि ‘सिग्नलचा दिवा विझला तर गाडी कोणाच्या भरवशावर यायची?’ हे तुमचे वाक्य आठवले. मार्शलचे नाव इतिहासात राहिले, ते योग्यच आहे; परंतु माझ्या मते हा दिवा आठशे वर्षे टिकला तो वजन ओढणाऱ्या आणि कोळसा वाहणाऱ्या माणसांमुळे, आणि त्यांच्याविषयी तेथे आणखी सविस्तर सांगायला हवे.

१९७२ साली वीज आली आणि १९९६ साली अखेरचे राखणदार निघून गेले. २००१ पासून मनोरा लोकांना पाहता येतो. दिवा मात्र आजही जहाजांसाठी लागतो.

आप्पा, एक विनंती आहे. सिग्नलचे दिवे तुम्ही कसे पुसत असा, वात कशी कातरत असा, पावसाळ्यात काय खबरदारी घेत असा, हे सर्व एका वहीत लिहून ठेवा. मुलांना मी थोडेसे सांगितले, पण त्यांचे प्रश्न माझ्या माहितीपलीकडचे आहेत. तुम्ही दोघे उन्हाळ्यात इकडे आलात की आपण मिळून तेथे जाऊ. आईचे गुडघे दुखतात, तरी मधल्या खोल्यांत विसावा घेत सावकाश चढता येईल.

आईने गोळ्या वेळेवर घ्याव्यात. पत्राची वाट पाहते.

तुमची लेक,
सुलभा