जामीनकी, तीन चलने आणि मेलबर्नचा प्रवास : एका वकीलताईंचे जाहीर आभार

आदरणीय वकीलताई,

सप्रेम नमस्कार.

मेलबर्नहून परत येऊन मला दोन आठवडे झाले. लेकीचे बाळंतपण सुखरूप पार पडले, आणि नातवाला तीन महिने मांडीवर घेऊन मी घरी आले. आपल्या कार्यालयात पेढे देऊन गेले तेव्हा आपण सुनावणीसाठी गेला होतात. जे बोलायचे होते ते राहून गेले, आणि माझ्यासारख्याच धास्तीत असलेल्या आणखी कोणाला उपयोग व्हावा म्हणून ते असे जाहीरपणे लिहिते आहे.

मी जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका. नोकरीत असताना एका सहकाऱ्याच्या कर्जाला मी पतसंस्थेत जामीन राहिले होते. त्यांनी हप्ते थांबवले, आणि सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खालील वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करण्याचा अधिकृत आदेश, त्यांच्याबरोबर माझ्याही नावावर निघाला. त्याच सुमारास लेकीने तिकीट काढल्याचे कळवले. वसुलीसाठी घरी आलेल्या एका माणसाने ओट्यावर उभे राहून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले की पैसे भरल्याशिवाय परदेशी गेलात तर विमानतळावरच अडवतील. त्यात भर म्हणून माझ्या नावावरच्या स्कूटरची तीन ई-चलने थकली होती, आणि राष्ट्रीय लोकअदालतीत हजर राहण्याचा संदेश मोबाइलवर आला होता. ‘हजर राहा’ हे दोन शब्द वाचून, आपल्यावर फौजदारी खटला भरला गेला आहे, अशीच माझी समजूत झाली. पस्तीस वर्षे मुलांना शिकवलेल्या बाईला मुंबईच्या विमानतळावर रांगेतून बाजूला काढतील, हे चित्र रोज रात्री डोळ्यांपुढे येत असे. लेकीला मात्र मी यातले एक अक्षरही सांगितले नव्हते.

आमच्या तालुका विधी सेवा समितीत मी आले ती फक्त विचारून जावे म्हणून. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणतीही स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साहाय्याला पात्र असते, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हते. निवृत्तिवेतन मिळते म्हणून मला परत पाठवतील असे वाटले होते. आपण खुर्ची पुढे केलीत आणि कागद मागितलेत.

‘काही होत नाही, जा बिनधास्त’ असे मला तोवर चार जणांनी सांगितले होते. त्याने धीर आला नव्हता, कारण त्यांच्यापैकी कोणीही कागद पाहिला नव्हता. आपण प्रत्येक पान वाचलेत आणि मग पहिला प्रश्न विचारलात, तो माझ्या मनातही आला नव्हता : पतसंस्थेला सही केलेले कोरे धनादेश दिले होते का? दिले होते, दोन. त्यावर आपण समजावलेत की थकलेले कर्ज ही दिवाणी बाब असते, परंतु धनादेश न वटल्याबद्दल परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली तक्रार दाखल झाली असेल तर तो फौजदारी खटला होतो, त्यात समन्स आणि पुढे वॉरंटही निघू शकते, आणि व्हिसाच्या अर्जात तो दडवता येत नाही. न्यायालयांतील खटल्यांची माहिती देणाऱ्या ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आपण माझ्या नावाने, लग्नाआधीच्या नावानेसुद्धा, शोध घेतलात. एकही खटला नव्हता. माझ्या भीतीचा निम्मा भार त्याच क्षणी उतरला.

उरलेला भार आपण ‘लुकआउट सर्क्युलर’ म्हणजे काय हे सांगून उतरवलात. एखाद्या व्यक्तीवर नजर ठेवा असे विमानतळांना कळवणारे ते परिपत्रक. विमानतळावर माणसाला अडवले जाते ते बहुतेक वेळा या परिपत्रकामुळे किंवा न्यायालयाच्या आदेशामुळे, आणि असे परिपत्रक काढायला लावणे वाटेल त्याच्या हातात नसते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सूचनांमध्ये ते मागण्याचा अधिकार कोणत्या अधिकाऱ्यांना आहे याची यादीच आहे, आणि दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असा) नसेल तर त्या व्यक्तीला सहसा देश सोडण्यापासून रोखता येत नाही, असेही त्यांत म्हटले आहे. सरकारी बँकांच्या प्रमुखांना २०१८ मध्ये हा अधिकार दिला गेला होता, पण मुंबई उच्च न्यायालयाने २३ एप्रिल २०२४ रोजी ती तरतूद रद्द केली, हे आपण मला निकालाची प्रत पुढे ठेवून दाखवलेत. आमची पतसंस्था तर त्या यादीत कधीच नव्हती. ओट्यावरच्या त्या माणसाला हे माहीत होते की नाही, ते मला सांगता येणार नाही. पण त्याच्या एका वाक्याने माझी दीड महिन्याची झोप गेली, आणि असे वाक्य म्हाताऱ्या माणसांच्या दारात उभे राहून कोणीही उच्चारू नये, असे मला कळकळीने वाटते.

व्हिसाच्या अर्जातील थकबाकीच्या प्रश्नावरही माझा हात अडला होता. तो प्रश्न ऑस्ट्रेलियाचे सरकार किंवा तेथील सार्वजनिक संस्थांच्या देण्याविषयी आहे, गावच्या पतसंस्थेविषयी नाही, हे आपण मला शब्द न् शब्द वाचून दाखवलेत. चलनांचे १,५०० रुपये मी आपल्या सांगण्यावरून त्याच दिवशी भरले. लोकअदालतीचा तो संदेश म्हणजे दंड तडजोडीने मिटवण्याची संधी होती. पावत्या छापून मी पारपत्राबरोबर ठेवल्या. त्या मला कोठेही दाखवाव्या लागल्या नाहीत, पण पिशवीत त्या आहेत या जाणिवेनेच मी रांगेत ताठ उभी राहिले.

ताई, मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की आपण खोटा दिलासा दिला नाहीत. प्रवास अडणार नाही, पण देणे खरे आहे, असे आपण स्पष्ट सांगितलेत. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, निवृत्तिवेतनावर जप्ती येत नसली तरी घरावर येऊ शकते, आणि पाठ फिरवून गेलेल्या माणसाविषयी संस्थेचे मत बिघडते, हे सारे ऐकताना मला वाईट वाटले, पण त्याची गरज होती. जाण्यापूर्वी आपण माझ्याबरोबर पतसंस्थेत आलात, सामोपचार योजनेत रक्कम ठरवून घेतलीत, आणि मी अमुक तारखेला जाते, अमुक तारखेला परत येते, या काळातले हप्ते माझा पुतण्या भरील, असे पत्र देऊन त्यावर पोच घेतलीत. त्या पोचेवरचा शिक्का पाहिला आणि कित्येक आठवड्यांनी मला पोटभर जेवण गेले.

मुंबईला त्या रात्री अधिकाऱ्याने पारपत्र पाहिले, कोणाकडे जाता असे विचारले, मी ‘लेकीकडे, बाळंतपणाला’ म्हणाले, आणि त्याने शिक्का मारला. एवढेच घडले. पलीकडच्या बाकावर बसून मी लेकीला फोन लावला आणि सगळी हकिकत पहिल्यांदाच सांगितली. ती रागावली, रडली, आणि मग तिने आपले नाव विचारून घेतले. तिचाही नमस्कार या पत्रासोबत आहे.

माझ्या माघारी तिन्ही हप्ते वेळेवर गेले आहेत. मी भरलेली रक्कम मूळ कर्जदाराकडून मागण्याचा हक्क करार अधिनियमाच्या कलम १४५ ने मला दिला आहे, असे आपण म्हणाला होतात. त्यासाठी त्यांना पाठवायच्या नोटिशीला लागणाऱ्या पावत्या तारीखवार लावून ठेवल्या आहेत. सोमवारी अकरा वाजता त्या घेऊन येते. नातवाचे छायाचित्रही आणीन.

आपली कृतज्ञ,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा जिल्हा