दत्तक केंद्र वस्तीतच हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्यांना भटकी कुत्री दत्तक घ्यायची आहेत त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा, आणि घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्यावर राहील, असे सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात म्हटले. चर्चा मात्र पकडण्या-सोडण्याचीच झाली. निवारे बहुधा शहराच्या कडेला असतात, संध्याकाळी बंद होतात. नोकरदार कुटुंब मुलांना घेऊन तिथवर जात नाही. मग सगळा भार रविवारच्या दत्तक शिबिरांवर पडतो, आणि पिल्लांसाठी तीच सर्वांत धोक्याची जागा.

खोक्यात कागद अंथरून चार ठिकाणची पिल्ले एकत्र ठेवलेली असतात आणि दिवसभर या हातातून त्या हातात जातात. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची लागण झालेले पिल्लू उलट्या-जुलाब सुरू होण्याआधीच विष्ठेतून विषाणू टाकू लागते. लक्षणे दिसायला साधारण 3 ते 7 दिवस जातात, कधी 14. रविवारी टुणटुणीत दिसलेले पिल्लू शुक्रवारी नव्या घरात आडवे होते, आणि ते घर पुन्हा पिल्लू आणायला धजत नाही.

म्हणून प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाजवळ एक छोटे, कायमचे केंद्र असावे. वापरात नसलेल्या शाळेच्या चार खोल्या पुरतात. संध्याकाळी 5 ते 8 आणि रविवारी दिवसभर ते उघडे हवे. प्राणी आधी निवाऱ्यात 14 दिवस वेगळा ठेवून, जंताचे औषध आणि लस देऊनच इथे आणावा. फिनेलने पार्व्हो मरत नाही. फरशी आधी साबणाच्या पाण्याने घासून स्वच्छ करावी (घाण राहिली तर पुढचे औषध वाया जाते), मग 5 टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटच्या एका भागात 30 भाग पाणी घालून ती 10 मिनिटे ओली ठेवावी. द्रावण रोज ताजे करावे. मातीचे अंगण असे धुता येत नाही, म्हणून पिल्लांना 16 आठवड्यांपर्यंतचे डोस पूर्ण होईतो मातीत सोडू नये.

पिंजरे समोरासमोर लावू नयेत. एक भुंकला की सगळे भुंकतात आणि आलेली माणसे दारातूनच परततात. मांजरांची खोली दुसऱ्या टोकाला असावी आणि प्रत्येकीला लपायला खोका द्यावा.

पण केंद्राचा जीव असतो भेटीच्या खोलीत. दहा बाय बारा फूट, खाली सतरंजी, दार लावलेले. कुटुंबाने खाली बसावे, हात पुढे करू नये, कुत्र्याला आपणहून जवळ येऊ द्यावे. किमान अर्धा तास द्यावा. पिंजऱ्यावरच्या कार्डावर ‘देशी, तांबूस, दोन वर्षे’ एवढे लिहून काही कळत नाही. ‘जिन्याला बिचकते, मुलांच्या गोंगाटात शांत असते, एकटी राहिली की दार खरवडते’ असे लिहिले तर योग्य घर मिळते.

भाडेकरूंना सरसकट नकार देऊ नये, घरमालकाची लेखी संमती पुरे. गृहनिर्माण संस्थांना पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, हे सांगणारी भारतीय पशु कल्याण मंडळाची 2015 ची मार्गदर्शक तत्त्वे टेबलावर ठेवावीत. पिल्लू निर्बीजीकरणाच्या वयाचे नसेल तर अनामत रक्कम घेऊन तारीख ठरवून द्यावी.

घरी नेताना चार दिवसांचे नेहमीचेच खाणे सोबत द्यावे. पहिल्याच रात्री प्रेमाने दिलेल्या दूध-पोळीने पोट बिघडते. पहिले तीन दिवस कुत्रा कॉटखालून हलत नाही, नीट जेवत नाही. लोक घाबरतात ते इथेच. म्हणून तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यात केंद्राने स्वतः फोन करावा. तरीही जमले नाही तर प्राणी बोल न लावता परत घ्यावा. बोलणी खावी लागतील या भीतीनेच लोक त्याला रात्री हायवेवर सोडून येतात. आणि तो का जमला नाही, हे परत आणणाऱ्याकडून विचारून त्याच कार्डावर लिहून ठेवावे.

आपले,
प्राणी निवाऱ्यांतील काही स्वयंसेवक, पुणे