रेडिओच्या वेळा छापाव्यात

महोदय,
परवा पावसाने वीज गेली, म्हणून माळ्यावरचा ट्रान्झिस्टर खाली काढला, सेल घातले आणि पडवीत बसलो. विलंबित, म्हणजे संथ एकतालात पूरिया धनाश्री राग चालू होता. पुढे पागोळ्या गळत होत्या, तरी तानपुऱ्याचा षड्ज स्पष्ट येत होता. मग कातळशिल्पांवर, म्हणजे कोकणातल्या खडकाळ सड्यांवर कोरलेल्या प्राचीन चित्रांवर, भाषण झाले. उक्षी, बारसू, कशेळी ही तर आपल्याच सड्यांवरची गावे! २०२२ मध्ये ही शिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, एवढेच मला ठाऊक होते. आईने जप थांबवून सगळे ऐकले आणि ‘पुन्हा कधी लागेल?’ असे विचारले. मला सांगता येईना.

शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आकाशवाणीने १९५२ मध्ये सुरू केला, संगीत संमेलन १९५४ मध्ये. रत्नागिरी केंद्र १९७७ चे. मैफलीसाठी मुंबई-पुणे गाठणे आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना झेपत नाही. त्यांना रेडिओच जवळचा. पूर्वी वर्तमानपत्रात रेडिओचे कार्यक्रम छापून येत. आपण ते सदर पुन्हा सुरू करावे, अगदी चार ओळींचे चालेल. मात्र त्यात राग, कलाकार आणि भाषणाचा विषय जरूर द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, राजापूर