आबा आणि हॉग

प्रिय दिन्या,

इतके महिने पत्र नाही, त्याच्या शिव्या भेटल्यावर घाल. तब्येत बरी, गुडघा तसाच. लिहितोय ते आबांसाठी. इथे कुणाला सांगू?

इथे इंग्लंडात, केंडलजवळच्या आमच्या शेजाऱ्याने जेवायला बोलावलं. मेंढ्या पाळतो. आबांनी, रस्सा नसतानाही, मटण मागून मागून घेतलं. शेजारी खुशीत म्हणाला, "हे आमच्याच शेतातलं हॉग." घरी येताच आबांनी डिक्शनरी काढली. पहिलाच अर्थ डुक्कर, त्यातही खच्ची केलेला! तेव्हापासून आबा वरणभातावर आहेत आणि माझ्याशी 'हं'च्या पुढे बोलत नाहीत.

उत्तर इंग्लंडात पहिली लोकर कातरायच्या आधीच्या मेंढराला हॉग म्हणतात, त्याचं मटण ते हॉगेट. चौदाव्या शतकापासून म्हणतात. वर्षावरच्या घोड्यालाही म्हणत. म्हणजे मुळात शब्द जनावराचा नसून वयाचा असावा. हे सगळं आबांना सांगितलं. म्हणाले, "वयाला डुकराचं नाव कशाला?" म्हटलं, आपण नाही का खोंड म्हणत? तर म्हणे, "खोंडाचा बैलच होतो, मेंढरू होत नाही." बोल आता! शब्द आला कुठून ते नक्की नाही, काही पंडित वेल्श भाषेतल्या 'हूख'कडे बोट दाखवतात, आणि त्याचा अर्थ डुकरीण. आबांनी माझ्या अख्ख्या व्याख्यानातलं तेवढंच ऐकलं.

हसू नकोस. बाल्कनीच्या ड्रॉइंगमध्ये सळ्या खाली कुणी दाखवल्या होत्या? हॉगिंगमध्ये, म्हणजे टोक खाली लवून पाठ वर वाकते तेव्हा, ताण वरच्या बाजूला येतो म्हटलं, तर आठवडाभर माझ्याशेजारी डबा खाल्ला नाहीस. ते हॉगिंगही डुकराच्या कमानदार पाठीवरूनच आलंय, आधी मधोमध उचललेल्या जहाजांना लावलं, मग आपल्या बांधकामातल्या बीमला. बाल्कनीत सळ्या वरच असतात, आता तरी मान.

मला भीती वेगळीच आहे. आबा गावी जाऊन काकांना सांगतील, पोराने विलायतेत डुक्कर चारलं. मग दिवाळीला माझं ताट वेगळं. शेजारीही विचारतोय, वडील पुन्हा कधी येणार? त्याला काय सांगू?

तुझ्या बदलीचं काय झालं? चिंगीचे क्लास सुरू झाले का? वहिनींना नमस्कार.

आबा तुझं ऐकतात. रविवारी फोन कर, तिकडच्या साडेतीनच्या आत, नंतर ते आडवे होतात. वय, वेल्श, काही काढू नकोस. मेंढरू होतं, लोकर अंगावर होती, एवढंच सांग. आणि बाल्कनीचा विषय त्यांच्यापाशी काढलास तर बघ.

तुझा,
नाना