संशोधन मुळावर येऊ नये म्हणून

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस,

सविनय नमस्कार.

मी रसायनशास्त्र शिकवते. पदव्युत्तर प्रबंधासाठी चित्रक या औषधी झुडपाच्या मुळांवर काम केलं होतं. काष्ठौषधींच्या दुकानातून दोन किलो मुळं आणली, कुटली, हेक्झेन या द्रावकात मुरवली. एवढ्या खटाटोपातून हाती आलं मुळांतलं चिमूटभर प्लम्बॅजिन हे द्रव्य, नारिंगी-पिवळ्या सुयांसारखं. स्टॅफिलोकोकस हे जंतू पसरलेल्या बशीत त्याचा थेंब टाकला की भोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ वर्तुळ उरतं. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी हरखून गेले होते. (हेच द्रव्य कातडीला लागलं तर फोड येतात. म्हणून तर वैद्य चित्रक चुन्याच्या निवळीत भिजवून शुद्ध करतात. बशीतले जंतू मेले म्हणजे औषध सापडलं, असं नव्हे.)

दुकानदाराला विचारलं, माल कुठला? "जंगलातला." कुठल्या जंगलातला, कुणी खणला, खणणाऱ्याच्या हाती काय पडलं, याचा पत्ता नाही. मीही प्रबंधात 'स्थानिक बाजारातून खरेदी' एवढं लिहून मोकळी झाले.

पानं खुडली तर झाड पुन्हा फुटतं. मुळंच उपटली तर फुटणार कुठून? चित्रक निदान झुडूप आहे. दशमुळांतले, म्हणजे आयुर्वेदात एकत्र वापरतात त्या दहा मुळांतले, बेल, टेटू, पाडळ, शिवण हे तर वृक्ष. आणि नरक्या या झाडाचं काय झालं ते आपल्या खात्याला ठाऊकच आहे. 1972 मध्ये त्यात कॅन्सरवरच्या औषधांना लागणारं कॅम्प्टोथेसिन सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि पुढे सह्याद्रीत ही झाडं चोरून तुटू लागली.

2006 च्या वनहक्क कायद्यातल्या गौण वनोपजाच्या (लाकूड सोडून जंगलातल्या ज्या उपजावर तिथल्या रहिवाशांचा हक्क मानला आहे, त्याच्या) व्याख्येत औषधी वनस्पती, मुळं, कंद नावानिशी आहेत. मग मुळं जंगलाबाहेर पडताना वाहतूक परवान्यावर ग्रामसभेचं नाव असावं, आणि तेच नाव दुकानाच्या पावतीपर्यंत पोचावं. संशोधनासाठी मुळं खणायची परवानगी देताना आपल्या खात्याने आधी विचारावं, लागवडीच्या झाडावर भागणार नाही का? चित्रकाचं भागतं, तो फांदीच्या तुकड्यापासूनही लागतो. रोपवाटिकांत साग-बांबूच्या शेजारी त्याला एक वाफा द्या.

आमच्या कॉलेजामागे दोन गुंठे पडीक जागा आहे. पावसाळ्याआधी शंभर रोपं मिळाली तर पुढच्या विद्यार्थ्यांना दुकानात जावं लागणार नाही. न्यायला मी स्वतः येईन.

आपली नम्र,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका