डिशवॉशर दुरुस्त करून गेलेल्या दादांना मनापासून धन्यवाद

दादा, नमस्कार.

त्या दिवशी तुम्ही घाईत होतात, पुढचा कॉल होता, त्यामुळे नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

आईला संधिवात आहे. कढई-कुकर घासणं तिच्या हातांना आता झेपत नाही, त्यामुळे डिशवॉशर ही आमच्या घरात चैन नाही. त्यातून निघणाऱ्या स्टीलच्या ताटांवर पांढरे ठिपके आणि डब्यांच्या झाकणांत पाणी राहायला लागलं, तेव्हा आई पुन्हा सिंकपाशी उभी राहू लागली. रिन्स एड, म्हणजे शेवटच्या खंगाळण्यात पडणारं द्रव, भरलेलं होतं, पण पातळी खाली जातच नव्हती. सर्व्हिस सेंटरने फोनवरच सांगून टाकलं, साबण आणि रिन्स एड सोडणारा अख्खा डिस्पेन्सर बदला.

तुम्ही आलात आणि पाना-पेचकस बाहेरही काढला नाहीत. आधी एका ताटावरच्या ठिपक्यांवर व्हिनेगरचा बोळा फिरवलात. ठिपके गेले. "हे क्षार आहेत," म्हणालात, "काचेला कायमचा धूसरपणा आला असता तर तो गेला नसता." मग रिकामं मशीन लावून दाराला कान लावून बसलात. आधी साबणाचं झाकण उघडल्याचा टक्, आणि बऱ्याच वेळाने, शेवटच्या खंगाळण्याच्या वेळी, रिन्स एड सोडल्याचा दुसरा टक्. आईलाही ऐकवलात. या मशीनमध्ये एकच यंत्रणा दोन्ही कामं करते. दोन्ही आवाज आले म्हणजे वीज पोहोचतेय, अडलंय ते पुढे, हे तुम्ही इतकं सोपं करून सांगितलंत की तिला ते अजून पाठ आहे.

आणि अडलं होतंच. आम्ही गावी असताना मशीन बंद राहिलं, रिन्स एड सुकून बाहेर पडायच्या छिद्रापाशी गोंदासारखं चिकटलं होतं. सिरिंजने जुनं सगळं ओढून काढलंत, कोमट पाणी भरून ठेवलंत, मऊ ब्रशने छिद्र हलक्या हाताने साफ केलंत. टोकदार काही घातलं तर आतला रबर फाटतो, हे दोनदा बजावलंत. झाकणाची रबरी रिंगही पुसून नीट बसवलीत, नाहीतर रिन्स एड गळून सगळा फेस होतो. नवा पार्ट लागलाच नाही.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते त्यानंतरचं. दुरुस्ती झाली तरी तुम्ही थांबलात. पट्टी बुडवून आमच्या पाण्याचा कठीणपणा पाहिलात. वाकडला आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकर दोन्हीचं पाणी. त्याप्रमाणे सॉल्टचं, म्हणजे पाणी मृदू करणाऱ्या डिशवॉशरच्या खास मिठाचं, सेटिंग वाढवलंत आणि रिन्स एडची मात्रा मधोमध ठेवलीत. भांड्यांवर निळसर ओघळ दिसले तर मात्रा एक घर कमी करा, ठिपके राहिले तर एक घर वाढवा, असं सांगितलंत. रिन्स एड नसलं की पाण्याचे थेंब भांड्यावर बसून राहतात, वाळतात आणि त्यातले क्षार मागे ठेवतात. असलं की पाणी पातळ थर होऊन घसरून जातं. प्लास्टिकचे डबे मात्र स्टीलसारखी उष्णता धरत नाहीत, ते थोडे ओले राहणारच, हेही प्रामाणिकपणे सांगितलंत. स्वयंपाकाचं मीठ सॉल्टच्या टाकीत कधी घालू नका, हे आईने चिठ्ठी लिहून मशीनवर चिकटवलंय.

नवा डिस्पेन्सर विकणं तुम्हाला सहज शक्य होतं, आम्ही तयारच होतो. तुम्ही फक्त व्हिजिटचे पैसे घेतलेत. असं काम करणाऱ्या माणसाचं नाव चार घरांत पोहोचलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून सोसायटीत ज्यांच्याकडे डिशवॉशर आहे त्यांना तुमच्याबद्दल सांगितलंय. सी विंगमधल्या काकूंच्या मशीनमध्ये साबणाचं झाकणच उघडत नाही. त्या तुम्हाला फोन करतील. त्यांच्याकडे आलात की आमच्याकडे चहाला नक्की या, आईने खास सांगितलंय.

आपली,
वाकडची एक ग्राहक